पुरं विचारणारी मावशी

मावशीला अर्धा प्रश्न चालत नसे. कोणी पोरीनं विचारलं, "मावशी, चहा घेता का दूध?" की ती हातातलं काम थांबवून तिच्याकडं बघत राही. मग म्हणे, "चहा घेता का, हे आधी विचार. मी न्हाई म्हणले तर दूध घेता का, हे विचार. दोन्ही एका घासात काहून कोंबून राहिलीस?" पोरी हसायच्या. पण दुसऱ्या दिवशी पुरं विचारायच्या.

ही मावशी म्हणजे माझी बायको. हिंगोलीत मुलींच्या एका वसतिगृहात ती मेसवर पोळ्या लाटायची आणि मी गेटवर बसायचो. पोरी मावशी म्हणायच्या, रेक्टरबाई मावशी म्हणायच्या, भाजीवाला मावशी म्हणायचा. शेवटी मीही मावशीच म्हणायला लागलो. बायकोला नावानं हाक मारायची रीत आमच्या गावात नव्हती, त्यामुळं मला ते सोयीचंच पडलं.

मी चौथी शिकलो. ती शाळेत गेलीच नाही. तरी आमच्या दोघांत डोकं तिचंच चालायचं, हे मी तिच्या हयातीत कबूल केलं नाही, आता करतो. मला अर्धं विचारायची खोड होती आणि आहे. ती दोनदा अंगाशी आली. एकदा तिनं सावरून घेतलं. दुसऱ्यांदा सावरणारं कोणी नव्हतं. ते पुढं येईलच.

गेटवर माणूस आला की मी मोठ्या आवाजात विचारायचो, "बाप का भाऊ?" वसतिगृहाचा नियमच होता, आई, वडील, सख्खा भाऊ, सख्खी बहीण, एवढ्यांनीच पोरीला भेटायचं, न्यायचं. बाकी कोणी आलं तर रेक्टरबाई पोरीच्या घरी फोन लावणार. तर मी विचारायचो, "बाप का भाऊ?" आणि माणूस म्हणायचा, "व्हय." मी दार उघडायचो.

एकदा असाच एक "व्हय" म्हणून आत गेला आणि थेट मेसच्या ओट्यावर जाऊन चादरी मांडून बसला. चादरी विकणारा होता. मावशीनं त्याला गठुड्यासकट गेटवर आणून सोडलं आणि मला म्हणाली, "काय विचारलं व्हतं याला?"

"बाप का भाऊ."

"मग काय म्हणला?"

"व्हय म्हणला."

"व्हय म्हंजे काय? बाप व्हय, का भाऊ व्हय, का चादर व्हय? आवं, तुमी त्याला काई विचारलंच न्हाई. तुमी दोन शब्द फेकले, त्यानं एक फेकला."

तो चादरीवालासुद्धा हसला. जाताना म्हणाला, "मावशी, तुमीच बसा गेटवर." मला राग आला होता. आता वाटतं, त्याच्या तोंडात साखर पडायला हवी होती.

मग एका वर्षी गेटवर टॅब आला. आमच्याच वसतिगृहात एक कॉम्प्युटर शिकणारी पोरगी होती, शेवटच्या वर्षाची. मावशीनं तिचं नाव 'कंपूटर' ठेवलं होतं. "ए कंपूटर, भात अजून वाढू का?" अशी हाक सगळ्या मेसमध्ये ऐकू यायची. या कंपूटरनं कॉलेजच्या कामासाठी गेटचं एक वेबपेज बनवलं. पोरीचं नाव निवडायचं, आलेल्या माणसाचं नातं यादीतून निवडायचं, बोट दाबायचं. नातं नियमात बसत असेल तर पेज हिरवं, नसेल तर लाल. रेक्टरबाईंना पसंत पडलं. मला तर फारच. जबाबदारी टॅबवर गेली, मी बोटापुरता उरलो.

मावशी हात पुसत बघायला आली होती. कंपूटरनं आई निवडली, हिरवं. वडील निवडले, हिरवं. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

मावशी म्हणाली, "हिरवं दावलंस. आता लाल दाव."

"येईल मावशी, वेळ आली की लाल येईल."

"येळ आल्यावर नको. आता दाव."

पण तेवढ्यात रेक्टरबाईंनी पेढे वाटायला घेतले आणि ते राहूनच गेलं. तो पेढा मीही खाल्ला.

दोनेक महिने पेज हिरवंच येत होतं, कारण येणारेही आई-बापच होते. कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

रेखा नावाची एक पोरगी होती, सेनगावच्या पुढच्या एका खेड्यातली, बारावीला. बाप वारलेला. आई दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची. रेखाला शिकवायचं एवढा एकच हट्ट त्या माउलीनं धरला होता. चुलत्याला ते मान्य नव्हतं. त्याला पोरगी उजवून मोकळं व्हायचं होतं. आईनं प्रवेशाच्या दिवशीच रेक्टरबाईंचे हात धरून सांगितलं होतं, "बाई, माज्याबिगर कोणासंगं सोडू नका." मी तिथंच उभा होतो. मी ऐकलं होतं. हे टाळून पुढं जाता आलं असतं, पण ऐकलं होतं हे खरं आहे.

एका दुपारी जीप आली. एक माणूस उतरला, पांढरे कपडे, घामाघूम. म्हणाला, "रेखाची आजी सिरीयस हाय. शेवटचं तोंड बघायचं म्हणून राहिली. लवकर लावून द्या." मी विचारलं, कोण तुम्ही. म्हणाला, चुलता. मी टॅबवर रेखा निवडली, काका निवडलं, बोट दाबलं.

हिरवं.

मनात एकदा खटकलं. पण म्हटलं, शिकलेल्या पोरीनं बनवलंय, आपल्यापेक्षा त्याला जास्त कळतं. आत निरोप धाडला. रेखा रडतच आली, खांद्याला पिशवी. जीपमध्ये चढलीसुद्धा.

आणि मेसच्या दारातून मावशी धावत आली. हाताला कणीक, हातात लाटणं. ते लाटणं तिनं माहेराहून आणलेलं होतं, मेसचं लाटणं तिच्या हाताला कधी बसलं नाही. ती जीपच्या पुढं उभी राहिली.

"तू हिचा बाप हायेस का?"

"मावशी, बाजूला व्हा. बाप वारला तिचा."

"तू हिचा भाऊ हायेस का?"

"चुलता हाय म्हणलं ना!"

"मग पोरगी खाली उतरव."

मी गेटवरून ओरडलो, "अगं, हिरवं आलंय!"

ती वळली नाही. तशीच म्हणाली, "हिरव्याला तुमी काय विचारलं, आन् त्यानं काय ऐकलं, ते मागून बघू. आदी पोरगी उतरू द्या."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली, गुरगुरवली. मी गेटजवळच उभा राहिलो. जीप दोन वेळा हातभर पुढं आली. मावशी हलली नाही. लाटणं तेवढं बॉनेटवर टेकवलं, जसं पोळपाटावर टेकवावं तसं. मग रेखाच मागच्या बाजूनं उतरली आणि मावशीच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

रेक्टरबाईंनी फोन लावला. शेजारच्या बाईनं रेखाच्या आईला रानातून बोलावून आणलं. आजी धडधाकट होती, अंगणात बसून तूर पाखडत होती. तिकडं कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाब्यावर पोराकडची माणसं येऊन बसली होती, ते नंतर कळलं. जीप निघून गेली. मी गेटचं दार लावलं, कडी घातली, आणि पुन्हा पुन्हा कडी हलवून बघत राहिलो. ती सवय अजून आहे.

संध्याकाळी कंपूटर लॅपटॉप घेऊन मेसच्या ओट्यावर बसली. डोळे सुजलेले. मावशी तिच्यासमोर पोळ्या लाटत होती. म्हणाली, "रडू नको. काय लिहिलंस ते वाच. मला समजंल असं वाच."

पोरीनं गणितातल्या 'बरोबर'च्या चिन्हासकट वाचलं, "जर नातं बरोबर आई, किंवा वडील, किंवा भाऊ, किंवा बहीण, तर हिरवं."

मी म्हटलं, बरोबरच तर आहे.

मावशीचं लाटणं थांबलं. "पुन्यांदा वाच. 'किंवा वडील'. वडील काय?"

"म्हणजे नातं वडील असेल तर."

"तसं लिहिलंस का?"

पोरीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "नाही. नुसतं वडील लिहिलंय."

मग तिनं आम्हाला समजावून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिलाही ते पहिल्यांदाच समजत होतं. आपण बोलताना 'आई किंवा वडील' म्हटलं की ऐकणारा मधलं आपल्या मनानं भरून घेतो. मशीन भरून घेत नाही. तिनं नातं आई आहे का, एवढंच विचारलं. पुढचे तीन शब्द नुसते लोंबकळत होते, कशाशीच न जुळवलेले. आणि मशीनचा कायदा असा की शब्द रिकामा नसेल तर तो खराच धरायचा. 'वडील' हा शब्द रिकामा नाही, म्हणून खरा. 'किंवा'मध्ये एक तुकडा खरा निघाला की सगळं वाक्य खरं. काका येवो, चोर येवो, हिरवंच.

मावशीनं माझ्याकडं लाटण्यानं बोट दाखवल्यासारखं केलं. "म्हंजे तुज्या मशीनला यांचाच गुण लागला. बाप का भाऊ? व्हय. ये आत."

कंपूटर रडता रडता हसली. मला हसू आलं नाही. मी मनात जीपच बघत होतो.

"मग आता कसं करतीस?"

"प्रत्येक वेळेला 'नातं बरोबर' लिहायला लागेल. नातं बरोबर आई, किंवा नातं बरोबर वडील, किंवा नातं बरोबर भाऊ, किंवा नातं बरोबर बहीण."

"मग लिही की. चार डाव लिहायला काय हात मोडतेत? मी रोज दोनशे पोळ्या लाटते. एक पोळी लाटली, बाकीच्या समजून घ्या, असं म्हणते का?"

पण पोरगी भेदरली होती. तिला वाटलं, नुसतं हिरवं नीट करून भागणार नाही, लालही पक्कं करावं. म्हणून तिनं वरती अजून एक वाक्य घातलं आणि या खेपेस पुरं पुरं लिहिलं. नातं आई नसेल, किंवा नातं वडील नसेल, किंवा नातं भाऊ नसेल, किंवा नातं बहीण नसेल, तर लाल. मावशी तोवर झाकपाक करायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं रेखाची आई आली. केस विस्कटलेले, पायात चप्पल दोन तऱ्हेच्या. "माजी रेखा कुटं हाय?" मी रेखा निवडली, आई निवडलं.

लाल.

आदल्या दिवशी मशीनचं ऐकून चुकलो होतो. आता मशीन अडवत होतं आणि माझ्यात त्याच्याविरुद्ध जायची ताकद नव्हती. मी म्हणालो, "बाई, लाल येऊन राहिलंय. थांबावं लागंल."

"आवं, मी आई हाय तिची!"

"दिसतंय मला. पण लाल हाय."

ती तिथंच मातीत बसली. तिला वाटलं, पोरगी आत नाहीच, आपल्याला फसवतायत. तिनं जो हंबरडा फोडला, तो ऐकून पोरी गॅलरीत आल्या, मावशी आली, मागून कंपूटर आली. मावशीनं त्या बाईला आधी उठवलं, आत नेऊन रेखासमोर उभं केलं, आणि मगच माघारी येऊन टॅबपुढं उभी राहिली.

"आता काय लिहिलंस?"

कंपूटरनं वाचून दाखवलं.

मावशीनं चारी नाती बोटांवर मोजली. मग म्हणाली, "ती आई हाय. बाप न्हाई. मग तुजं मशीन म्हणतंय, बाप न्हाई, लाल. बाप आला तर तो आई न्हाई, लाल. एकच माणूस आईबी, बापबी, भाऊबी, बहीणबी, असा कोणी जन्मला हाय का?"

"नाही मावशी."

"मग आत कोण येणार? आई न्हाई, आन् बापबी न्हाई, आन् भाऊबी न्हाई, आन् बहीणबी न्हाई, चारी न्हाई झाले तवा माणूस परका. एक न्हाई म्हणल्यावर कोणी परकं व्हतं का?"

पोरीनं जागेवरच 'किंवा' काढून 'आणि' घातलं. त्या दिवशी मावशी मेसवर गेलीच नाही. पोळ्या दुसऱ्या बाईनं लाटल्या आणि पोरींनी तोंड वाकडं करून खाल्ल्या. मावशी दुपारभर गेटवर कंपूटरच्या मांडीला मांडी लावून बसली आणि तिनं यादीतलं एकेक नातं दाबायला लावलं. आई, हिरवं. वडील, हिरवं. भाऊ, बहीण, हिरवं. काका, लाल. मामा, लाल. आत्या, लाल. शेजारी, लाल. प्रत्येक लालला ती "बराबर" म्हणायची.

'मावशी' दाबलं, तेही लाल आलं. पोरी ओरडल्या, "मावशी, तुम्हालाच लाल!"

"बराबर," ती म्हणाली. "मी कोणाची आई हाय इथं?"

आम्हाला लेकरू नव्हतं. ती हे सहज बोलून गेली. मी दुसरीकडं बघितलं.

रेखा पुढं शिकली, नर्स झाली. कंपूटर पुण्याला कंपनीत लागली. तिकडून मावशीला फोन करायची. सांगायची, "मावशी, इथं मोठमोठी शिकलेली माणसं तीच चूक करतात. मी त्यांना म्हणते, पुरं विचारा." मावशी म्हणायची, "आन् लाल दावायला लावतीस का?" "लावते." "मग बराबर."

घरी तिचं विचारणं सकाळी सुरू व्हायचं. "गोळी घेतली का? पाणी भरलं का? शिट्टी खिशात घातली का?" मी सगळ्याला मिळून एक "व्हय" द्यायचो. ती तो घ्यायची नाही. पुन्हा पहिल्यापासून. तीन प्रश्नांना तीन व्हय वाजवून घ्यायची. मी वैतागायचो. म्हणायचो, तुझ्यापुढं कोर्टातला वकील बरा.

मी वयानं गेटवरून उतरलो. ती मेसवर जातच राहिली. मागल्या वर्षी एका सकाळी उठली ती भिंतीला टेकूनच बसली. चेहऱ्यावर घाम. मला वारंगा फाट्याला पाव्हण्यांच्या कार्यक्रमाला जायचं होतं, जीप बाहेर उभी होती. मी चप्पल घालता घालता विचारलं, "काय गं, छातीत दुखतंय का पोटात?"

"न्हाई," ती म्हणाली.

मी गेलो.

डाव्या हातात कळ असणार आणि पाठीत. बायकांचं हृदय पुष्कळदा असंच दुखतं, डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ती खोटं बोलली नव्हती. छातीत दुखत नव्हतं, पोटात दुखत नव्हतं. हात दुखतो का, हे मी विचारलं नव्हतं. पाठ दुखते का, हे विचारलं नव्हतं. दोन शब्द फेकले, तिनं एक फेकला. दुपारी मी आलो तेव्हा ती तशीच भिंतीला टेकलेली होती.

माणसं म्हणतात, आयुष्य तेवढंच होतं. असेल. पण मला दुसरीच गोष्ट खाते. सगळ्या जगाचा अर्धा प्रश्न तिनं परत पाठवला. त्या सकाळी माझा प्रश्न तिनं परत पाठवला नाही. "पुरं विचारा" म्हणाली नाही. इतक्या वर्षांचा नवरा मी, मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

आता मी रोज कडी हलवून बघतो. गोळी घेतो आणि घेतली असं मोठ्यानं सांगतो. पाणी भरलं, तेही सांगतो. शिट्टी आता नाही, तरी खिसा चाचपतो.

परवा वसतिगृहाकडं गेलो. तिचं लाटणं मेसवर राहिलं होतं. रेक्टरबाई नव्या, गेटवरचा माणूस नवा, चाळिशीचा. मला ओळखत नव्हता. टॅब तोच, काचेला तडा गेलेला. मी म्हणालो, आत जायचंय.

त्यानं टॅब पुढं घेतला. "तुमी पोरीचे वडील हायेत का?"

"न्हाई."

"पोरीचे भाऊ हायेत का?"

"न्हाई."

"काका हायेत का? मामा हायेत का?" तो यादी खाली खाली नेत एकेक पुरं विचारत गेला. मी प्रत्येकाला वेगळं न्हाई दिलं. शेवटी त्यानं 'इतर' दाबलं आणि टॅब माझ्याकडं वळवला. लाल.

"काका, सोडता येत न्हाई. पण तुमी कोण? कोणाला भेटायचंय?"

"भेटायचं न्हाई. मेसवर एक लाटणं हाय. मावशीचं."

मावशीचं नाव त्यानं ऐकलं असावं. टॅब खाली ठेवून विचारलं, "तुमी मावशीचे मालक हायेत का?"

ती गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. पुरं तर नाहीच.

"व्हय," मी म्हणालो.

तो कडीला हात घालायला लागला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, लाल आलंय, बाईंना विचारून ये, मी बसतो. आणि बाहेरच्या बाकड्यावर बसलो.